दुरुस्ती क्रमांक चार

आमची पाळी दहा मिनिटांची.
मग मागून दुसरी येते, पेन्सिल टेकवते
आणि मी अर्ध्या वाक्यातून उठते.
त्यामुळे पर्वरीच्या या सभागृहात
सोयरू वेळीप यांचं एकही भाषण
मी पूर्ण ऐकलेलं नाही,
अकरा वर्षांत.

माझ्या वाट्याला बहुधा सुरुवात यायची:
'सभापती महोदय, आमच्या पंचायतीचा सचिव
सोमवारी आमचा, मंगळवारी शेजारच्यांचा,
बुधवारपासून कुणाचा ते त्यालाच ठाऊक.
शिक्का त्याच्या स्कूटरच्या डिकीत.
म्हणजे आमचं स्वराज्य, महोदय, पेट्रोलवर चालतं.'
मी कंसात लिहिलं: हशा.

ते उभे राहिले की मंत्री चहाला उठत.
त्यांची जागा विरोधी बाकांच्या टोकाला,
एसीच्या ऐन झोतात,
म्हणून जुलैतसुद्धा गळ्यात मफलर.
हातात शाळेची वही,
तिच्यात ग्रामसभांचे ठराव, तारीखवार.
उत्तर न आलेले लाल शाईत.
वही लांबून लालच दिसायची.
'घटनेत एकोणतीस विषय आहेत, महोदय.
काणकोणला पोचेपर्यंत उरतात ते असे:
दिव्याचे खांब, गटारं आणि...'
(घंटा.)

त्या रात्री पंचायत विधेयक, कलम सहा.
सरकारी मसुदा म्हणत होता,
ग्रामसभेचा ठराव पंचायत 'विचारात घेईल'.
त्यांची दुरुस्ती, क्रमांक चार:
'विचारात घेईल' या शब्दांऐवजी 'पाळील'.
बस, एवढंच मागणं.
दोन शब्द द्यायचे, एक घ्यायचा.

'विचारात घेणं म्हणजे काय, महोदय?
आमच्या पाटेमळच्या डोंगराचा विचार झाला.
तीनदा झाला.
विचार पुरा झाला तेव्हा डोंगर अर्धा होता.
चंदरी काकी म्हणून एक बाई आहे,
त्या सभेत तिने सचिवाला...'
खांद्यावर बोट. माझी पाळी संपली.
काकी काय म्हणाली ते सुलक्षाच्या वहीत गेलं.

आवाजी मतदानाला पुन्हा मी होते.
'होय' चौघांचं.
'नाही' इतकं मोठं
की एक पेंगणारे सदस्य दचकून जागे झाले
आणि तेही 'नाही' म्हणाले.
रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सदस्य आमच्या खोलीत येतात,
आपापली भाषणं तपासायला.
एकाला शिवी काढून हवी असते,
एक विचारतो, माझ्या टाळ्या कुठं गेल्या?
वेळीप आले ते चपला दाराबाहेर काढून.
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली.
मीच ओशाळून म्हटलं,
साहेब, तो हशा काढू?
'कित्याक? हांसले न्हय ते? उरूं दी.'
मग एकच चूक दाखवली:
'चंदरी काकी मी घाईत म्हटलं.
चंद्रावती फोंडू वेळीप, असं लिहा.
ती अंगठा लावत नाही, सही करते.'

ते गेल्यावर मी सुलक्षाचं पान काढलं.
सचिवानं रजिस्टर मिटलं तेव्हा काकी म्हणाली होती:
'पुस्तक तू बंद केलंस, बाबा.
सभा आम्ही अजून केलेली नाही.'

पुढच्या निवडणुकीत वेळीप पडले,
दोनशे अकरा मतांनी.
आता तिथून येणारे सदस्य नेटकं बोलतात,
घंटेआधी बसतात,
आम्हांला त्रास नसतो.
ती लाल वही कुठं गेली, विचारायचं राहून गेलं.

परवा रविवारी आमच्या गावात ग्रामसभा होती.
चौपन्न वर्षांची मी, पहिल्यांदाच गेले.
पंचायतघराला कुलूप, व्हरांड्यात नऊ माणसं,
एका कोपऱ्यात कुणाचं तरी पावाचं पोतं.
सवयीनं पेन्सिल नेली होती.
कडेच्या बाकावर बसून तारीख घातली, वेळ घातली,
हजर असलेल्यांची नावं
पूर्ण विचारून लिहिली.
सचिव साडेअकराला आला.
स्कूटरवरून.