हातचा

तुर्कूत नोव्हेंबरात साडेआठपर्यंत
सकाळ होत नाही.
दोरखंडाच्या जुन्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर
आम्ही चौदा जण.
दाराशी चौदा जोड बूट,
त्यांच्याभोवती वितळत्या बर्फाची काळी थारोळी.
कुणी वीस वर्षं शिकवतंय, कुणी सत्तावीस.
गुडघ्याचे एक्स-रे सगळ्यांकडे आहेत,
शिष्यांची कौतुकाची पत्रंही.

आम्हाला वाटलं होतं, आता काहीतरी राखून ठेवलेलं मिळेल,
कमरेच्या आतलं एखादं दार
जे खालच्या वर्गांना दाखवत नाहीत.
हिल्क्का एकाहत्तरच्या. लोकरी मोजे,
उजव्याचा अंगठा वेगळ्या रंगाने रफू केलेला.
तीन दिवस त्यांनी आम्हाला
एकमेकांच्या पाठीवर फक्त हात ठेवायला लावले.
दाबायचं नाही. वळवायचं नाही.
मोजायचं:
एकम्, द्वे, त्रीणि
(आमच्या जिभेवर ‘ण’ चढत नाही, वाटेतच ‘न’ होतो;
त्या ऐकतात, दुरुस्त करत नाहीत).
"तळव्याखाली श्वास येईल.
तो तुमचा नाही. तुम्ही फक्त सरका."

गुरुवारी इथे सगळीकडे वाटाण्याचं सूप असतं.
वाट्या विसळून झाल्यावर त्यांनी विचारलं,
"कुणाला दुखवलंय तुम्ही?
मनाबिनाचं नको. स्नायू, सांधा, आणि नाव."

रेडिएटर टकटकत राहिला.
इल्मारी आपल्या नखांकडे बघत होता.
मार्युत म्हणाली, टपाल वाटणारी एक बाई होती,
मांडीमागचं काहीतरी तुटलं,
मी हजेरीत लिहिलं: सोडून गेली.

मग माझ्या तोंडून आंतेरो निघाला.
शाळेत भूगोल शिकवायचा.
मरीच्यासनात त्याचा खांदा मी मागे नेला, अजून थोडा,
आणि कट् असा आवाज आला.
मी म्हणालो, "छान, उघडतंय."
बारा वर्षं झाली.
नदीकाठच्या बाजारात तो दिसला
की मी मासे निरखायला लागतो.
मी मासे खात नाही.

हिल्क्कांनी पाय पोटाशी घेतले. म्हणाल्या,
"कुंभकोणमला एका अरुंद जिन्याच्या वर
माझे गुरू माझ्या पाठीवर बसले होते, पूर्ण वजनानं.
मी उठले, त्यांच्या पाया पडले.
मला वाटलं, कृपा आत शिरली.
परतीच्या गाडीत दोन रात्री मला बसता आलं नाही.
पुढच्या हिवाळ्यात तेच वजन,
तितक्याच प्रेमानं,
मी आउनेच्या पाठीवर ठेवलं.
आउनेनं कुणावर ठेवलं, मला ठाऊक नाही.
तुमच्यापैकी तिघं तिच्याकडे शिकलात."

कुणीच हात वर केला नाही.
मीही नाही.

शाळेतली बेरीज आठवली:
नऊ आणि सहा पंधरा, पाच खाली,
एक हातचा.
पुढच्या घराच्या डोक्यावर
बारीक, पेन्सिलीनं, पुसता येईल असा.
उत्तरात तो कुठेच दिसत नाही
आणि सगळं उत्तर त्याच्यावर उभं असतं.
विसरलात तर चुकतं.
दोनदा धरलात तरी.

शुक्रवारी पुन्हा तेच. इल्मारीची पाठ, माझा तळवा.
त्याच्या बरगड्या वर आल्या, मला लागल्या, गेल्या.
पञ्च म्हणायचं राहून गेलं.
हिल्क्का मागून गेल्या. थांबल्या नाहीत.

प्रमाणपत्र पाकिटातच आहे,
फ्रिजवर, विजेच्या बिलांखाली.

शनिवारी बाजारात आंतेरो होता,
बटाट्यांच्या गाड्यापाशी, पिशवी खांद्याला नाही,
कोपराला अडकवलेली.
या वेळी मी मासे पाहिले नाहीत.
जवळ गेलो, उजवा हात पुढे केला.
त्यानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं.
मग डावा काढला हातमोज्यातून.
मी माझा उजवा मागे घेतला
आणि डावा दिला.
थंडीनं दोघांचेही कडक झालेले होते.
मी दाबला नाही.