पट्टीवरचं पाणी

आयर्विन पुलाच्या खांबावर रंगवलेल्या आकड्यांतले
अण्णांच्या हातचे किती, ते आता कळत नाही.
पाटबंधारे खात्याच्या वहीत मात्र अक्षर त्यांचंच,
तिरकं, काटकसरी,
साताची शेंडी उगाच लांब.

भू. आ. मगदूम. पहाटे चार. अठ्ठावीस फूट तीन इंच.

एका पुरात टॉर्च धरायला मला नेलं होतं. नववीत होते.
वखारभागातले दोघं-तिघं व्यापारी कठड्याला टेकून उभे,
हळदीची पोती रात्रीच हलवावीत की कसं, या विचारात.
एकजण म्हणाला, मगदूम, चार इंच कमी सांगा की,
झोप तरी लागंल.
अण्णांनी शर्टाच्या टोकाला चष्मा पुसला.
"मी कमी सांगून पाणी उतरणार असतं,
तर शून्यच सांगितलं असतं की हो."

परत येताना सायकलवर एवढंच बोलले:
टॉर्च हलवू नये. हात हलला की लाट पाण्यासारखी दिसते.

यापलीकडे काही शिकवल्याचं आठवत नाही.
दिवस बुडायच्या आत जेवायचे.
पूर चढता असला की डबा तसाच परत यायचा
आणि आई भाकरी तव्यावर आपटत
कुणाला तरी बोलत राहायची, बहुतेक नदीला.

मला तेव्हा शेजारच्यांसारखा बाप हवा होता,
थोडं थोडं खोटं बोलणारा.
त्रेचाळीस टक्के पडले तर पाहुण्यांत साठ सांगणारा.
यांनी त्रेचाळीस सांगितले.
वर, गणितात नापास, हेही.

मिरजेच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात,
थर्मामीटर काढून मी खिडकीकडे वळले.
मागून आवाज आला, किती?
एकशे तीन पूर्णांक चार होता.
मी म्हटलं, शंभर.
हात हलला असणार माझा.
अण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले,
पुलावरून खाली बघायचे तसे,
आणि म्हणाले, "बरं. उतरतोय म्हणजे."

आयुष्यात ही एकच नोंद त्यांनी न तपासता घेतली.
की तपासून घेतली?

आता आकडे फोनवर येतात, घरबसल्या.
तरी पाणी वाढलं की मी एकदा पुलावर जाते.
कुणाला सांगायचं नसतं, कुठं लिहायचं नसतं.
काल एकवीस फूट आठ होतं, की नऊ.
मध्येच लाट आली.
मी थांबले, ती बसेपर्यंत.