लिंडिस खिंड, परतताना

जाताना मागे घोडी होती.
वळणावर तिनं पाय बदलला की
गाडीची शेपटी किंचित बसायची,
आणि ग्वेनिथ म्हणायची,
"हो गं, दिसलंय मला वळण."

चढावर काटा लाल रेघेला टेकला,
मागे मेंढ्यांचा ट्रक खोळंबला.
एवढ्याशा गाडीला झेपेल का,
टॅरसमध्ये सगळ्यांनीच विचारलं होतं.
झेपलं.

आता उतार. दुसरा गिअर.
साखळ्या खणखणतात,
प्रत्येक खड्ड्याला ट्रेलर उडतो,
हुकाला हिसके देतो.
भरलेला होता तेव्हा गुमान आला होता.

फाटकाशी मागे घ्यायचा :
डावीकडे न्यायचा, तर स्टिअरिंग उजवीकडे.
तीनदा चुकली.
चौथ्यांदा खाली उतरून
मागचं दार उघडलं,
उगाच,
आणि गवताची अर्धी पेंढी
तशीच राहू दिली.