हातचा

आठ आणि सात पंधरा.
पाच खाली, हातचा एक.
बावीस वर्षं हेच म्हणतेय,
वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसमागच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
टेम्पोंच्या रिव्हर्स हॉर्नवर आवाज चढवून.
दुपारपर्यंत घसा बसतो. पर्समध्ये खडीसाखर,
खडूच्या तुकड्यांशेजारी. एकदा चुकून खडूच चघळला.
तसाही पोटात किती गेला असेल.

पटावर एकतीस. वर्गात चोवीस.
उरलेले सात कुठे, मला माहीत असतं:
कुणी धाकटीला सांभाळतंय,
कुणी किलोच्या भावानं लसूण सोलतंय,
एक नुसताच पुलाखाली गोट्या खेळतोय
(त्यातल्या त्यात मला तोच पटतो).
पोर्टलला एवढं ऐकायला वेळ नसतो.
कारण: इतर.
मग खिचडीच्या नोंदी, लोहाच्या गोळ्या, मतदारयाद्या,
मधूनमधून शिकवणं.

घनश्याम धोत्रे हातचा विसरायचा. रोज.
अठ्ठावीस आणि सदतीस, पंचावन्न.
"अरे, हातचा?"
"बाई, तो कुठं ठिवायचा?"
"शेजारच्या घराच्या डोक्यावर."
"पत्र्यावर?"
वर्ग हसला. मीही हसले असते,
पण त्या दिवशी तपासणी होती.
म्हणाले, "डोक्यात सिमेंट भरलंय का तुझ्या?"
त्यानं खरंच विचार केला. केसांतून हात फिरवला.
"नाय बाई. शिमिट बापाच्या डोक्यात अस्तं.
संध्याकाळी मीच धुतो ना."

मी फळ्याकडे वळले.
पुष्कळ वेळ काहीतरी लिहीत राहिले.
काय, ते आता आठवत नाही.

मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवलं.
करंगळी दुमडायची, म्हटलं, अंगठ्याखाली दाबून धरायची.
हा तुझा हातचा.
पुढच्या घरात पोचेपर्यंत सोडायचा नाही.
त्याचं बोट उललेलं होतं.
त्यानं ते असं धरलं,
जसं कुणी लहान मूल एकटंच बसमध्ये चढताना
तिकिटाचे पैसे धरतं.

दिवाळीनंतर तो आला नाही.
टॉवर पुरा झाला होता, वरच्या मजल्यांवर लायटिंग.
माणसं पनवेलला गेली, कुणी म्हणालं तळोज्याला.
दाखला न्यायला कुणी आलं नाही.
नाव कमी करायचं होतं. मी केलं नाही.
जानेवारी संपेपर्यंत हजेरीत पुकारत राहिले
आणि मुलं, कुणी न सांगता,
तेवढ्यापुरती गप्प बसायची.
हे बरोबर होतं असं नाही.
मोठ्या बाईंनी मेमो दिला, तो फाइलला आहे.

भाऊ म्हणतो, हातचं राखून काम करावं माणसानं.
त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याला जमतं.
मी विसरते. घनश्यामसारखीच.
आणि काही दिवस असेही जातात
की चोवीस तोंडांकडे बघून वाटतं,
घंटा व्हावी, फक्त घंटा व्हावी.

परवा प्रतीक्षानगरच्या मेडिकलमध्ये
काउंटरवरच्या मुलीचं मशीन बंद पडलं.
तिनं माझ्या गोळ्यांची बेरीज
पाकिटाच्या पाठीवर मांडली. ओठ हलत होते.
करंगळी दुमडलेली, अंगठ्याखाली.

मी चेहरा पाहिला. बिल्ला पाहिला: सुगंधा काळोखे.
नाही आठवली.
माझी असेल, नसेल,
माझ्या कुणाच्या तरी बाकावर शेजारी बसलेली असेल.
"दोनशे त्र्याऐंशी," म्हणाली,
आणि बोट सोडलं.

मनातल्या मनात मी दोनदा करून पाहिलं.
बरोबर होतं.
वरचे तीन सुटे काढून दिले.
"बरं झालं मावशी," ती म्हणाली,
"सुट्यांची फार पंचाईत होते."