सहामाही अहवालाच्या पाठकोऱ्या बाजूला

'प्रगती टक्क्यांत लिहा' असं छापलंय.
चौकट एवढीशी, हरभऱ्याच्या घाट्याएवढी.
सुनयना बेडसे, नोंदणीचं तिसरं वर्ष,
विषय : पांझरेकाठच्या फडांतली पाण्याची भाषा.
मार्गदर्शक म्हणून सही माझी.

काय लिहू?
जूनपासून तिनं एक ओळ पाठवली नाही,
फोन उचलला नाही.
मी कडक पत्र लिहिलं, फाडलं,
मग देवपुरात तिच्या खोलीवर गेलो
पाव किलो शेव घेऊन. रिकाम्या हातानं कसं जायचं.

दारात सायकल, कॅरिअरला
अजून बांधलेली नकाशाची नळी.
म्हणाली, सर, झिपरू अण्णा गेले.
वैशाखातच.
पंच्याहत्तर तास आवाज आहे त्यांचा माझ्याकडे,
आणि मला बटण दाबता येत नाही.

संदर्भ कसे द्यावेत हे मी शिकवतो, वीस वर्षं.
याला कुठली तळटीप लावायची
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

फेलोशिप सात महिने वर कुठेतरी तुंबलीय.
विचारलं, जेवणाचं काय?
म्हणाली, विभागातले आम्ही चौघं
दोन डबे लावतो.
पाणी कमी असलं की फडात
सगळ्यांचंच रान थोडं थोडं पडीक ठेवतात,
एकट्याचं वाळू देत नाहीत.
हे तिच्याच दुसऱ्या प्रकरणात आहे, पान एकेचाळीस.
मी तिथं लाल पेनानं लिहिलं होतं :
'भावुक. पुरावा द्या.'

शेवटी बटण मी दाबलं.
ती खिडकीकडे तोंड करून.
अण्णा खोकले. चारीचं, बांधाचं काहीबाही बोलले,
मग गप्प.
अकरा मिनिटं नुसता वारा, एक टिटवी,
लांब कुणाचं तरी डिझेल इंजिन.
मी म्हटलं, हे कापून टाकायचं ना?
ती माझ्यावर रागावली,
तीन वर्षांत पहिल्यांदा. मला बरं वाटलं.
सर, काम चालू आहे त्यांचं.
पाटकरी वाट बघतोय.
आणि खरंच,
आधी ढेकळं भिजल्याचा बारीक चुर्र,
मग अण्णा, लहान पोराला झोपेतून उठवावं तसं :
'थांब माय, पानी यी ऱ्हायनं.'

शेव सादळली होती. आम्ही खाल्ली.

निघताना डबेवाल्या मावशींना सांगितलं,
उद्यापासून तीन डबे,
तिसरा कुणाचा ते पोरांना सांगू नका.
घरी येऊन पान एकेचाळीस काढलं,
लाल शेऱ्यावर काट मारली.
काट जरा जास्तच जोरात गेली, कागद फाटला.

शुक्रवारी अहवाल जळगावला पाठवायचाय.
चौकट कोरीच आहे.
टक्के किती ते सकाळी तिलाच विचारीन.
फोन उचलेल,
नाहीतर वाजत राहील थोडा वेळ.