आडवे सात, दोन घरे

रविवारी मी संकेश्वरात दाढीला जातो
ते दाढीसाठी नव्हे.
बसवण्णी हडपदच्या दुकानात पुरवणी येते
आणि शेवटून दुसऱ्या पानावर
'कोळी' जाळं टाकून बसलेला असतो.
माशांवरचा कोळी की भिंतीवरचा,
तेही त्यानं कधी सांगितलं नाही.

माझ्या आधी तिघे. बाकावर
मिरचीच्या अडतीतला दुंडाप्पा, अंगाला ठसका घेऊन आलेला.
मी पेन्सिल जिभेला लावतो.

'रविवारी सूर्य मावळला, घाव तेवढा उरला.'
सोपं. रविवारातून रवी काढा.
"वार!" मी ओरडतो,
खुर्चीतलं पोरगं वस्तऱ्याखाली मान आखडतं.

'वेल उलटली, ठेका सापडला.'
वेल म्हणजे? बसवण्णी ब्रश घोळवत विचारतो.
लता. आता मागून वाच.
तो आरशात बघतो,
तीस वर्षं उलटीच माणसं भादरलेला माणूस,
आणि माझ्या आधी म्हणतो, ताल.
कात्री दोनदा हवेतच वाजवतो.

'आरसीमागे दडली हद्द.'
इथं मी अडलो, कबूल करतो.
आरशाच्या मागं काय असतं? पारा. खिळा.
पाल, दुंडाप्पा म्हणाला आणि शिंकला.
बसवण्णीनं तर आरसा खरंच भिंतीपासून सोडवला,
मागं जुन्या हिरव्या रंगाचा चौकोन,
बाकी काही नाही.
मग दिसलं. मागं जायचंच नव्हतं.
आ सोडा, र सोडा, शेवटचा गे सोडा,
मधे उघडीवाघडी बसलेली,
एका शब्दाची शेपूट, दुसऱ्याचं डोकं :
सीमा.
नकाशात शोधतो आपण, कोर्टाच्या कागदांत, पाट्यांवर,
आणि ही अशी, जोडावर.
मी काही बोललो नाही.
बसवण्णीनं आरसा परत टांगला. जरा वाकडा.

राहिलं आडवं सात.
'शेजारच्या घरी वेस, आपल्या घरी सोबती.'
दोन घरं. दुसऱ्यात 'डी',
उभ्या 'काडी'तून खाली उतरलेली.
जोडी? मग वेस कुठं बसवू?
लिहिलं, खोडलं, लिहिलं,
कागदाला तिथं लव आली.

तेवढ्यात माझी पाळी. मान मागं, डोळे पंख्याला.
गळ्यावर वस्तरा असताना माणूस बोलत नाही,
आडवं सातही त्याला उत्तर देत नाही.
वरून आवाज आला :
"मामा, गडी."
मी भुवया उचलल्या.
"आमच्यात गडि म्हंजे हद्द. बॉर्डर ओ.
तुमच्यात गडी म्हंजे काय, तुम्हीच सांगा की."

मी हललो.
हनुवटीखाली बारीक चुणचुण.
तुरटी फिरवत तो हसला,
"घ्या. पयलं उत्तर परत आलं."

खरं सांगायचं तर कोड्यात खोट आहे.
त्यांच्या गडिची वेलांटी पहिली, आपल्या गड्याची दुसरी.
साखर कारखान्याच्या काट्यावर बत्तीस वर्षं काढली मी,
एवढा फरक गाडीवानाच्या पावतीवर चढवला असता.
आज सोडला.
दोन घरांत दोन अक्षरं लिहिली,
आणि पेन्सिल कानावर ठेवली
तर कान साबणानं भरलेला.

उभे अकरा अजून रिकामं होतं. चार घरं.
तिसऱ्यात 'र', बाकी कोरं.
सूचना मी नीट वाचलीही नव्हती,
'परतताना' असं काहीतरी सुरू होत होतं,
तोवर बसवण्णीनं सवयीनं पुरवणीचा तो कोपरा फाडला,
वस्तरा त्यावर पुसला,
आणि फेस, माझे पांढरे खुंट, एक लाल ठिपका
सगळं अकरावर.

अरे, म्हटलं, अरे अरे!
त्यानं तुकडा खिडकीत ठेवला, वर कंगवा,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
"वाळूद्या की मामा. वाळल्यावर वाचू."

दुंडाप्पा खुर्चीत बसला.