पोलादी

स्किप्टनच्या दुकानात हॉवर्डनं
माझ्या पायाचं माप घेतलं, शिंप्यासारखं,
मग म्हणाला, हात पुढे कर. जमतील तेवढेच.

जमले तेवढे त्यानं लिहून घेतले.

अकरा वर्षं कार्बनवर वाकून काढली:
सात किलोची सायकल, आणि तिच्यावर मी,
पडलेलं नाणं शोधत असल्यासारखा.
डांबर तोंडपाठ. डेल्समधली गावं
फक्त पाट्यांवरून ठाऊक.

एक्स-रे खात्यात दिवसभर लोकांचे मणके बघतो;
परवा माझाच पडद्यावर आला.
चौथ्या-पाचव्याच्या मध्ये
आता बोलायलाही जागा नाही.

ही जड आहे, हॉवर्ड म्हणाला. पोलाद.
बारीक नळीवर टिचकी मारून ऐकवलं,
नवं मडकं पारखावं तसं.
हँडल सीटपेक्षा दोन बोटं वर.
क्लबातली पोरं हसतील.
हसू देत.

रविवारी चढावर मागे पडलो. पडलोच.
पण दगडी बांधापलीकडे
एक मेंढी नुकत्याच उभ्या राहिलेल्या कोकराला चाटत होती,
आणि बांध, इतकी वर्षं वाटायचा त्याहून,
हातभर ठेंगणा निघाला.